सोमवारचं रेकॉर्डिंग

कंपनीचं चिन्ह उमटलं, खाली ठिपक्यांचं कडं फिरू लागलं आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळानं पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख.

भाविकानं बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला आणि पदर कमरेला खोचला.

"राहू दे ना," दारात उभी असलेली तिची नणंद कामिनी म्हणाली. "आमचे हे उद्या सकाळी येताहेत. जळगावला नेतील. तिथे डिस्क काढून आतलं सगळं बाहेर काढतात म्हणे. तुलाच एवढी घाई कसली?"

"घरातलं घरात निपटलं तर बरं, ताई."

"तेही खरं. झाकायचं असलं की घरच बरं पडतं."

भाविका प्रिंटरची वायर काढू लागली.

आदल्या दिवशीच कानबाईचं विसर्जन झालं होतं. अमळनेरच्या या घरात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी देवी वाजतगाजत बोरी नदीवर जाते. निघण्याआधी देवीच्या नारळावरचे दागिने सासूनं उतरवायचे आणि सुनेनं डब्यात ठेवायचे, हा घरचा नेम. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा बाकी सगळं जागच्या जागी होतं. नथ तेवढी नव्हती.

सासू कुंदाबाई म्हणाल्या, मी उतरवली आणि भाविकाच्या हातात दिली. सासूबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हेत, हे सगळी आळी जाणून होती. मग सगळ्यांनी भाविकाकडे पाहिलं. सासरे, पंडित नाना, शांतपणे म्हणाले की दारावर कॅमेरा आहे, कोण काय घेऊन बाहेर गेलं ते दिसेलच. पण कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग याच कॉम्प्युटरमध्ये, आणि तो काल संध्याकाळपासून असा. तेव्हा भाविका एवढंच म्हणाली होती, "मी चालू करून देते, नाना."

लग्नाआधी ती धुळ्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. बाहेरची सगळी जोडणी काढून झाली, तरी तेच. सेफ मोडमध्ये जाऊन पाहावं, तर तिथवर पोचायच्या आतच मशीन पुन्हा सुरू होई. तिनं प्लग बदलला. रॅम काढून खोडरबरानं पुसली आणि परत बसवली. नवऱ्याचा, ललितचा, ड्युटीवरून फोन आला, तो म्हणाला की उद्या भावजी नेणारच आहेत, तू कशाला जीव काढतेस. तिनं हूं म्हटलं आणि फोन ठेवला.

"धाकट्या काकूंचं माहीत आहे ना?" कामिनी अजून दारातच होती. "त्यांच्या हातून कानबाईचं चांदीचं फूल हरवलं. जिच्या हातून हरवलं, तिचा हात पुन्हा कानबाईला लागत नाही. बाई देवघराबाहेर बसून म्हातारी झाली. गाणी म्हणायची ती पण बाहेरूनच."

"माहीत आहे, ताई."

कुंदाबाई चहा घेऊन आल्या. "दिवामा तेल शे का, माय?"

"घातलंय, आई."

त्या तिथेच खाली टेकल्या. बराच वेळ सुनेच्या हातांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी तुले चोर नही म्हनत. पन मी दिन्ही व्हती, तुना हातमा."

"तुम्ही खोटं बोलत नाही आई, मला ठाऊक आहे."

कुंदाबाईंचे डोळे भरून आले. उठता उठता त्यांनी दिव्यातल्या तेलाचं पुन्हा विचारलं. भाविकानं पुन्हा सांगितलं.

एक गोष्ट एव्हाना तिच्या ध्यानात आली होती. मशीन बराच वेळ बंद ठेवून सुरू केलं की ठिपके जास्त फिरतात, लगोलग सुरू केलं तर लवकर विझतात. म्हणजे आत काहीतरी तापतंय. तिनं कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली आणि टॉर्च धरला.

कानबाईच्या मांडणीला जागा हवी म्हणून कॉम्प्युटर देवघराला चिकटवून ठेवला होता. शेजारीच बायकांनी फुलवाती वळल्या, रात्रभर धूप जळला. आतल्या पंख्याच्या पात्यांत कापूस गुंतून बसला होता आणि वर काजळीचा ओशट थर. पंखा फिरतच नव्हता. तिनं जुन्या टूथब्रशनं एकेक पातं साफ केलं, कापूस चिमट्यानं ओढून काढला, पातं बोटानं फिरवून पाहिलं.

बटण दाबलं. पंखा घुमला. चिन्ह, ठिपके, आणि या वेळी ठिपक्यांच्या पुढे डेस्कटॉपचा निळा पडदा उजळला.

"झालं का? थांब, नानांना बोलावते," म्हणत कामिनी शेजारच्या ओट्याकडे गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत भाविका थांबली.

मग तिनं सोमवार उघडला. दारातून कुंदाबाई बाहेर येत होत्या. डोक्यावर पाट, पाटावर कानबाई. फुलांआडून नारळावरची नथ उन्हात लखलखली.

भाविका चपापली नाही. काल विसर्जनाच्या वेळी बोरीच्या पाण्यात फुलांबरोबर तीच नथ जाताना तिला दिसली होती. हात पुढे करेपर्यंत गेलीही होती.

तिनं ती सकाळ पुसून टाकली. रिसायकल बिनमधूनही काढली. नाना आणि कामिनी आत आले तेव्हा ती डोक्यावरचा पदर सारखा करत उभी होती.

"बघायचं काही राहिलं नाही, नाना," ती म्हणाली. "आईंनी नथ माझ्याच हातात दिली होती. माझ्याकडूनच हरवली."