विज्ञान दिनाचे आभार

अध्यक्षांच्या खांद्यावर तिसरी शाल चढली, तोवर साडेबारा वाजले होते. विज्ञान दिनाच्या पाहुण्या, खगोलशास्त्रज्ञ यामिनी धारप यांना बोलायला आम्ही मोठ्या मनाने सात मिनिटं दिली.

"विश्वाच्या पसाऱ्यात आपली पृथ्वी म्हणजे धुळीचा कण," बाई म्हणाल्या. "आपण प्रश्न विचारतो, एवढंच काय ते आपलं मोठेपण."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात डेअरीवाले गोंदकरकाका उठून उभे राहिले. "बाई, त्या पसाऱ्याच्या पलीकडे काय असेल हो?"

बाईंचा चेहरा उजळला. त्या बोलणार, इतक्यात मी माइक घेतला. सूत्रसंचालकाला घड्याळ बघावं लागतं. "वेळेअभावी प्रश्न नकोत."

काका खाली बसले. मग पंचवीस मिनिटं मी आभार मानले. अध्यक्षांचे, त्यांच्या सौभाग्यवतींचे, मांडववाल्याचे. आणि शेवटी, प्रश्न न विचारता शांत बसल्याबद्दल तमाम श्रोत्यांचे.