पाद्री उतरला

विवाह हा ईश्वरी योग असतो. सान फेर्मिनमध्ये त्याला विमानाचं पेट्रोलही लागतं. नदीने आठवडाभर होडीत बसून यायचं तर पाद्रीबाबांची कंबर धरते. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून येतात आणि साचलेले बाप्तिस्मे, लग्नं एका दुपारात उरकतात.

आज विधवा नेरिदाचं आर्नुल्फोशी लग्न होतं. तो नदीच्या वरच्या अंगाकडून लाकडं घेऊन आला होता आणि इथेच रमला होता. नेरिदाच्या भावांनी दोघांसाठी खांबांवरचं घर बांधलं होतं. पाद्री येवो न येवो, पुरापूर्वी संसार सुरू झाला पाहिजे, असं त्यांनी कोयत्याला धार लावता लावता सांगितलं होतं.

सकाळपासून आर्नुल्फो काठावर होता. विमानाला अडथळा नको म्हणून वाहून आलेले ओंडके त्याने एकट्याने बाजूला ओढले. ढग आले तसा त्याचा चेहरा उतरला.

"दम धर की जरा," नेरिदाचा थोरला भाऊ म्हणाला. "नवरी काही पळून जात नाही."

"पाद्री आला पाहिजे, बस्स."

विमान पाण्याला टेकलं तेव्हा त्याने गुडघेच टेकले. बायकांचे डोळे भरून आले.

आधी बाप्तिस्मे. नेरिदाच्या धाकट्या पोराची, एदिन्सोनची पाळी आली, तर पोराला हातात धरायला ठरलेला धर्मबाप होडीत आडवा. लग्नाच्या आनंदात आर्नुल्फोने पाजलेली कसाव्याची दारू त्याला चढली होती. वैमानिक ढगांकडे बघू लागला. मग आर्नुल्फोनेच पुढे होऊन पोर उचललं. नाहीतरी बापच व्हायचा होता तो. पाणी पडलं, पोर रडलं, झालं.

नेरिदा लग्नाला उभी राहिली आणि तिची आई, एतेल्विनाबाई, मटकन खाली बसली. पोराचा धर्मबाप म्हणजे पोराच्या आईचा भाऊच. अशा दोघांनी संसार मांडला तर नदी ते घर ठेवत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

चर्चची काही हरकत नाही, असं पाद्रीबाबांनी परोपरीने सांगून पाहिलं.

"चर्चची नसेल, बाबा," म्हातारी म्हणाली. "चर्चच्या दारात पूर येत नाही."

आर्नुल्फोने कपाळावर हात मारून घेतला. घाईत लक्षातच आलं नाही म्हणाला. थोरल्यानेच त्याला पोटाशी धरलं आणि नशिबापुढे कोणाचं चालत नाही, अशी समजूत काढली. भाजलेले मासे वाया जाऊ नयेत म्हणून सगळे जेवायला बसले. आर्नुल्फोने दोनदा वाढून घेतलं.

वरच्या अंगाच्या तीन गावांत त्याचे आणखी तीन धर्मपुत्र आहेत. तिघांच्याही आया विधवा.