सहा वेळा बरोबर

आजोबांनी पेनड्राइव्ह काढला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा खोचला आणि कॉम्प्युटर चालू केला. मग वरच्या ओळीतलं शेवटचं बटन टकटक दाबत बसले. जावयाने शिकवलं होतं ते असंच. कॉम्प्युटर कधी आजारी पडला तर हा पेनड्राइव्ह लावायचा, हे बटन दाबत राहायचं, की रिकव्हरी सुरू होते आणि तो पुन्हा उठून बसतो.

पडदा निळा झाला, काळा झाला आणि तीच इंग्रजी ओळ दाखवून थांबला. आजोबांनी शेजारच्या वहीत लिहिलं : प्रयत्न सहावा. नाही.

"जेवायला येताय, की त्या डब्यालाच वाढू?" आजी दारातून म्हणाल्या. "सकाळपासून त्याच्या तोंडाकडे बघताय. लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं."

"तू बघू देत होतीस कुठे?"

बोलले खरे, पण हसले नाहीत. आजी आत आल्या.

"माझंच काहीतरी चुकतंय गं," आजोबा म्हणाले. "एखादी पायरी गाळतोय. आणि गाळतोय तेही लक्षात येत नाही."

परवाच त्यांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. त्यावर आजींनी दोन दिवस तोंडसुख घेतलं होतं. आता ते आठवून त्यांना जीभ चावावीशी वाटली.

"शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करून उद्या सकाळी द्यायच्यात. सगळ्या यात अडकल्यात." आजोबांनी वही मिटली. "शाळेच्या बाईंना फोन करतो. म्हणतो, आता दुसरा माणूस बघा."

पस्तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. कधी एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. आजींना त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. आणि त्यांची नजर पेनड्राइव्हवर अडली.

पेनड्राइव्हच्या टोकाला लाल दोरा होता. हरवू नये म्हणून त्यांनीच बांधलेला. महिन्यापूर्वी नातीचे फोटो टीव्हीवर बघायचे म्हणून कपाटातून तो काढून त्या स्वतःच कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेल्या होत्या. "आजी, यात आधीच काहीतरी इंग्रजी भरलंय," स्टुडिओवाला म्हणाला होता. "पुसू का?"

"पूस की. विचारतोस काय!"

आजींनी आपली चूक कबूल केलेली आजवर कोणी ऐकली नव्हती. खारट झालं तर मीठ नवं असायचं. दूध उतू गेलं तर गॅस मेला जास्त जळायचा. आता मात्र पुढ्यात ना मीठ होतं ना गॅस. मान खाली घालून बसलेला नवरा होता.

"तुमचं काही चुकत नाहीये," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कॉम्प्युटरमधलं नाही कळत. त्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते कळतं. तुमच्या नातीचे दोनशे फोटो आहेत. आधीचं सगळं मी पुसायला लावलं."

आजोबा बघतच राहिले. आजी पदर खोचून उभ्या होत्या. 'मग त्यावर लिहून ठेवायला काय झालं होतं?' हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं.

"म्हणजे मी बरोबर करत होतो?"

"सहाच्या सहा वेळा."

आजोबा खुर्चीत मागे रेलले आणि असे हसले, असे हसले की ठसका लागला. आजींनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, जरुरीपेक्षा दोन जास्तच. ओठांवरचं वाक्य वाया गेलं.

मग जावयाला फोन लावला. आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. जावई म्हणाला, काही घाबरू नका, प्रश्नपत्रिका कुठे जात नाहीत. तुमच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याशी मी बोलतो, त्याच्या कॉम्प्युटरवरून नवा पेनड्राइव्ह भरून घेऊ, संध्याकाळपर्यंत तुमचं काम सुरू.

"पण बाबा, तो पुसला कसा गेला?"

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजी भिंतीकडे बघत होत्या. मान ताठ, कान लाल.

"माझ्याच हातून गेला," आजोबा खुशाल म्हणाले. "वय झालं आता."

मग लहान मुलाशी बोलावं तसा जावई बोलायला लागला. "बाबा, आई परवा चष्म्याचंही सांगत होत्या. मला वाटतं, ही कामं आता पुरे करा. पुढच्या महिन्यात आम्ही येऊ, तेव्हा कॉम्प्युटर मी घेऊन जातो. तुम्ही आराम करा."

"बरं," आजोबा म्हणाले. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्यातला जीव गेला होता.

आजींनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"जावईबापू, ऐका. पेनड्राइव्ह मी पुसायला लावला. यांनी नाही, मी. चष्म्याचंही मी तिखटमीठ लावून सांगितलं होतं. यांचं डोकं ठणठणीत आहे आणि कॉम्प्युटर इथून हलायचा नाही." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "चुकलं माझं."

आजोबांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

फोनवरून जावयाचा घाबराघुबरा आवाज आला, "आई... तुमची तब्येत बरी आहे ना?"