शेवटची पिशवी

"काकू, आज काकांची शेवटची पिशवी वापरली," रक्तकेंद्रातला इम्तियाज फोनवर म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी निवडायला घेतलेल्या शेंगा बाजूला सारल्या. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. रक्त गोठवून तीस वर्षं टिकवता येऊ लागलं, तेव्हापासून ते गडहिंग्लजच्या या लोकवर्गणीवर चालणाऱ्या केंद्रात नेमानं रक्त देत. त्यांचा बॉम्बे रक्तगट फार थोड्यांचा असतो. ते गेल्यावरही त्यांची पिशवी कुणाला दिली की केंद्र बाईंना कळवत असे. त्या एका निरोपावर त्यांचे कितीतरी दिवस सुखात जात.

"आता काहीच उरलं नाही का रे?"

"केंद्रात नाही, काकू. पण एक बाळंतीण वाचली. तिला तुम्हाला भेटायचंय. याल का?"

दुपारी त्या इस्पितळात गेल्या. अश्विनी नावाची ती मुलगी अजून फिकट दिसत होती. बाळ शेजारी झोपलं होतं. बाईंना पाहून तिनं हात जोडले.

"काकांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे आभार कसे मानू?"

कुमुदिनीबाई कॉटच्या कडेला टेकल्या आणि तिचे जोडलेले हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. ते चांगले उबदार होते.

"आभार मीच मानते, पोरी," त्या म्हणाल्या. "सकाळी वाटलं होतं, आज ते पुरते गेले. थोडा वेळ असेच हात धरू दे."