करंगळीतली अंगठी

“तुम्ही दोघं घटस्फोट घेताय का?”

युरिमने विचारलं आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या. पैज मैत्रिणींनी लावली होती, दुपारी तिखट तोकबोकी विकणाऱ्या गाडीवर. “आज विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमचं खाणं तुझ्याकडून,” दासोल म्हणाली होती. पुरावा पक्का होता. काल आई-बाबा न सांगता कुठेतरी जाऊन आले. आल्यावर आईच्या बोटात लग्नाची अंगठी नव्हती. ती बाबांच्या करंगळीत अडकलेली होती. “नवऱ्याने अंगठी परत घेतली म्हणजे संपलंच गं,” असा दासोलचा निकाल.

बाबांनी हात टेबलाखाली नेला. आई हसायला लागली आणि कंबर धरून थांबली.

“या माणसाला सोडू? मग ह्याला मोजे कोण शोधून देणार?”

“विषय बदलू नकोस, आई.”

“नोव्हेंबरात परीक्षा आहे तुझी. जेव आणि अभ्यासाला बस.”

सध्या या घरात सगळं परीक्षेपाशी येऊन थांबायचं. टीव्ही बंद. समुद्री शेवाळाचं सूपही बंद, कारण ते निसरडं, खाल्लं की मुलं परीक्षेत घसरतात. एरवी वाढदिवसाला हे सूप हवंच, पण यंदा आईच्या वाढदिवसालासुद्धा ते शिजलं नव्हतं. आणि बारावीच्या मुलांना वाईट बातमी सांगायची नाही, हा तर साऱ्या गल्लीचाच नियम. गेल्या वर्षी शेजारच्या मिनग्युचे आजोबा वारले, ते त्याला शेवटचा पेपर झाल्यावर कळलं.

मिनग्यु आठवला आणि युरिमने वाटी बाजूला सारली.

“काय लपवताय?”

बाबा आईकडे बघत राहिले.

“सांगून टाका,” आई म्हणाली. “ही आता ऐकायची नाही.”

बाबांनी फोनवर एक चित्र उघडलं. आईचा पाठीचा कणा. हाडांच्या आतल्या मज्जेत कर्करोग आहे, हे आधीच्या तपासण्यांत कळलं होतं. साध्या एक्स-रेत काहीच दिसत नव्हतं. तो कुठवर पसरलाय, ते कालच्या एमआरआयने दाखवलं. मणक्यांच्या आत पांढरे ठिपके विखुरले होते.

“सोमवारी औषध सुरू होईल,” बाबा म्हणाले. “लागू पडतंय का, ते पुढच्या चित्रात दिसेल.”

“ते कधी?”

“तुझ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. म्हणून तर...”

“आणि अंगठी?”

“त्या यंत्रात धातू चालत नाही. आत जाताना हिने काढून दिली. हरवायला नको म्हणून मी बोटात घातली. मग हे चित्र बघितलं, आणि परत द्यायचं राहूनच गेलं.”

युरिमने चित्र मोठं केलं. एकेक मणका नीट बघितला, अडलेलं गणित बघावं तसा. डोळे भरून आले, ते तिने बाहीला पुसले. मग बाबांचा हात वर ओढला, करंगळी फिरवून फिरवून अंगठी काढली आणि आईच्या बोटात घातली.

“परीक्षा मी देणार, आणि चांगली देणार,” ती म्हणाली. “पण उद्या शेवाळाचं सूप करायचं. आईचा वाढदिवस राहिलाय. मी दोन वाट्या खाणार.”

“अगं पण, युरिम...” बाबा म्हणाले.

“आणि पुढच्या वेळी आई आत जाईल तेव्हा अंगठी माझ्या बोटात राहील.”