बेस तारा

वेदश्रीने पाकीट काउंटरवर परत ठेवलं. "काका, या सहा आहेत. मला चार पाहिजेत. आणि या साध्या गिटारच्या आहेत, शेवयांसारख्या."

मोतीलालने चष्मा कपाळावर चढवला. "काल तुमचे मिस्टर येऊन गेले ना? 'बेस तारा द्या' म्हणे. म्या दुकानातल्या सगळ्यात बेस, एकदम चांगल्या तारा काढून देल्ल्या!"

तिला हसू आलं, पण पुरतं नाही. निशांतला 'बेस गिटार' म्हणायला काय झालं होतं? त्याच्या अर्धवट बोलण्यापायी आज सव्वा वर्षाच्या आचलला सासूजवळ सोडून तिला सिंदीहून वर्ध्याला यावं लागलं होतं. फोन काउंटरवर उताणा ठेवलेला. दर मिनिटाला नजर तिकडे. आचलची झोप म्हणजे नुसतं खुट्ट झालं की संपली.

रविवारी कॉलेजातल्या जुन्या बँडची तालीम होती. दीड वर्षाने तिला बोलावलं होतं. "नाही जमलं तर टेन्शन घेऊ नको, तुझ्या जागी रजत वाजवेल," असंही म्हणाले होते. मायेनेच म्हणाले, म्हणून जास्त झोंबलं.

मोतीलालने दोन पाकिटं समोर मांडली. "ह्या खरबडीत. खणखणीत बोलतात, पण बोट सरकलं का चिरकतात. अन् ह्या सपाट, गुळगुळीत. आवाज मऊ. बाजूच्या खोलीत लेकरू झोपलं असन तरी पत्ता लागत नाई." फोनकडे जाणारी तिची नजर त्याने केव्हाच टिपली होती.

तिचा हात सपाट तारांच्या पाकिटावर गेलाच. सव्वा वर्ष तो असाच जात आला होता. कुकरची शिट्टी नको म्हणून वरण पातेल्यात शिजायचं. मिक्सर मागच्या अंगणात लागायचा. पैंजण डब्यात गेले होते. दारावरच्या बेलची वायर तर तिने स्वतःच उपटली होती. आणि एवढं करूनही सकाळी निघताना सासूबाईंनी, शोभाबाईंनी, ऐकवलंच होतं, "लेकराच्या घरात हे ढँव ढँव कायले पाह्यजे वं?"

"तसं ताई," मोतीलालने विचारलं, "तुम्ही वाजवता कसं? हळू का जोरात?"

साधा प्रश्न. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असणार. पण तिला मात्र कित्येक दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. दूध पिते का, वजन वाढलं का, दात आले का, एवढंच. ती तार हळुवार छेडणाऱ्यांतली नव्हतीच. अंगठ्याने ठोकायची. गॅदरिंगला पहिल्या रांगेतल्या मॅडम कानांवर हात ठेवायच्या.

"जोरात," ती म्हणाली. "खरबडीत द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तारा चढवल्या, सूर लावला, स्पीकर जोडला. दार लोटायला उठली आणि तशीच खाली बसली. राहू दे उघडं. पलीकडच्या खोलीत पाळण्यात आचल, पाळण्याची दोरी शोभाबाईंच्या हातात.

पहिल्याच ठोक्याला फळीवरचे पेले थरथरले. शोभाबाई दारात हजर. ओठांवर बोट.

"उठली तर उठू द्या, आई," वेदश्री म्हणाली. अंगठा थांबला नाही.

शोभाबाई आत वळल्या.

कान पाळण्याकडे होते. तरी तिने गाणं अख्खं वाजवलं. मग तेच पुन्हा, आणखी जोरात. हाताचे घट्टे दीड वर्षात कधीच मऊ पडले होते. अंगठा सोलवटला, चरचरायला लागला. फुंकर घालायला म्हणून ती थांबली.

आतून आचलने भोकाड पसरलं.

वेदश्रीने डोळे मिटले. आता काय येणार ते तिला माहीत होतं. तिने उत्तरही जिभेवर तयार ठेवलं.

"थांबली काऊन वं?" शोभाबाई आतून खेकसल्या. "उठली ना पोरगी!"