लक्ष्यावरची पेटी

क्षेपणास्त्रांच्या खरेदीवर सही करण्याआधी ऑडिटर बाई हट्टाने चाचणीच्या मैदानावर गेल्या. क्षेपणास्त्र सुटलं आणि दूरच्या भंगार रणगाड्यावर बरोब्बर जाऊन आदळलं. कंपनीच्या मॅनेजरने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बाईंनी दुर्बीण खाली ठेवली.

"त्या रणगाड्यावर लाल पेटी कसली होती हो?"

"सिग्नलची, मॅडम. रणगाडा कुठे आहे, ते ती क्षेपणास्त्राला सांगते."

"आणि पेटी लावलीच नाही तर?"

मॅनेजरने रुमालाने मान पुसली. "तशीही एक चाचणी केली होती. आमचं कॅन्टीन उडालं. नशीब, त्या दिवशी सुट्टी होती."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे उद्या लढाई झाली, की शत्रू स्वतःच्या रणगाड्यांवर तुमच्या पेट्या लावून उभा राहणार? वेड लागलंय का त्याला?"

मॅनेजर इकडेतिकडे बघत जवळ सरकला.

"पेट्यांची काळजी तुम्ही सोडा, मॅडम. शत्रूनेही हीच क्षेपणास्त्रं घेतलीत, आणि मागच्याच महिन्यात आमच्याकडून पेट्या ढीगभर नेल्यात. त्यांचंही कॅन्टीन उडालं होतं."